बिनबरगडीचा मासा

कांदीगाव,
कार्तिकाची अखेर

प्रिय भाई मोखलिस,

अल्ला तुला सुखात ठेवो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू सुखात आहेस हे मला बाजारातल्या फोनवाल्याकडून कळतंच. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे त्याच्या दुकानात उभं राहायचं. मागे रॉकेलला आलेली माणसं कान टवकारून बसलेली, आणि तिकडे लंडनला तुझ्या शेजारी तुझी बायको. तू "बरं, बरं, बुबू, ठेवतो" म्हणतोस आणि मी, तुझी मोठी बहीण, ठेवते. म्हणून हे पत्र. मी पाचवीपर्यंत शाळेत गेले ती तुझ्यामुळेच. तुला एकट्याला वाटेत भीती वाटायची, म्हणून आब्बांनी मला तुझ्या सोबतीला धाडलं होतं. तेव्हा गिरवलेली अक्षरं आज तुझ्याच कामी लावते आहे. एकटा असशील तेव्हा वाच.

यंदा पाणी उशिरा ओसरतंय. धोलाई तळ्याचे बांध आता कुठे डोकं वर काढू लागलेत. पाबदा बराच लागतोय, टेंगराही आहे. मोठा मासा मात्र ठेकेदाराच्या कुंपणात. आपली होडी अजून तरते. माझी रुशना ती हाकते आणि मी जाळं ओढते. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे.

काल टोपलीत हात घातला तर शिंगीने काटा मारला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग आपला जुना खेळ आठवला. आब्बा तळ्यावरून आले की आपल्या दोघांच्या डोळ्यांवर गमछा बांधायचे आणि टोपली पुढे ठेवायचे. हाताला लागेल तो मासा कुठला ते सांगायचं. चुकलं की त्या रात्री त्या माशाचा तुकडा मिळायचा नाही. मी सारखी उपाशी, आणि तू कधीच चुकायचा नाहीस. ओठावरून अंगठा फिरवून सांगायचास, झालर लागली की रोहू, नाही लागली की मृगळ. कल्ल्याची धार करवतीसारखी लागली की कोई. एकदा शिंगीने तुझं बोट फोडलं, तर तू आधी "शिंगी" असं नाव सांगितलंस आणि मग रडायला लागलास. आब्बा हसून हसून खोकले. "हा पोरगा माझ्यापेक्षा मोठा मायमाल होणार," म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. तू लंडनला गेल्यावरही सांगायचे. मग एक दिवस सांगायचे थांबले.

कुठल्या दिवशी थांबले, ते मला ठाऊक आहे. तू रस्त्याकडेला पक्कं घर बांधलंस आणि ते दाखवायला सासरच्यांना घेऊन आलास, तो दिवस. तुझी नाझमीन तेव्हा सात-आठ वर्षांची होती. रुशनाचा हात धरून दिवसभर अंगणात हिंडली. तुझ्या पाहुण्यांना आब्बांना खोकला झालाय असं सांगितलं होतंस. खोकला नव्हताच. मागच्या खोलीत ते नवी लुंगी नेसून बसले होते, मी त्यांना पंख्याने वारा घालत होते. ठेकेदाराने तुझ्या मानासाठी एक लांब, चपटा, चांदीसारखा मासा पाठवला. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, "काय हो जावईबापू, हा चितळ की फोली?" पडद्याआडून मला तुझं हसणं ऐकू आलं. "मला काय कळतंय? आमच्या घरात मासा ताटात आला की मग ओळखतात." सगळे हसले. आब्बांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "फोली आहे. शेपटीकडे ठिपके नाहीत." मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या रात्री त्यांनी मासा खाल्ला नाही. त्यानंतर जेवढे दिवस जगले तेवढे दिवस तुझं नाव निघालं की म्हणायचे, "त्याला तिकडे कामं फार." वाईट असं एक अक्षर बोलले नाहीत. ते काम माझ्यावर सोडून गेले असावेत.

तू तिकडे चौधुरी झालास, आम्ही इथे मायमालच राहिलो. मासे धरणारे मुसलमान. मौलवीसाहेब शुक्रवारी सांगतात, अल्लाच्या दारात सगळे सारखे. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, खरं आहे. पण शेतकरी मायमालाच्या ताटाला ताट लावत नाही. आणि आपलं कबरस्तान वेगळं, ते तुला आठवत असेल. मी तुला दोष देत नव्हते. परक्या देशात माणूस अंगावर चांगला कपडा घालतो तसं चांगलं नावही घालतो, असं मी शेजारणींना सांगायचे. तू आमच्यावरही ते नाव चढवायला निघालास, तिथे बिघडलं.

रुशनाचं लग्न तू जमवलंस. तिचे आब्बा ती लहान असतानाच तापाने गेले. मी माहेरी आले आणि माझ्या बापाने तिला वाढवलं. मी तिला आपल्यातल्याच कुणाला तरी देणार होते. तू फोनवर म्हणालास, "बुबू, मी मामा आहे की नाही? माझी भाची चिखलात जन्म काढणार?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नोयापुरचं घर, वीस माणसं पोटभर खातील एवढी भातशेती, जुबेरसारखा शांत मुलगा. तू त्यांना सांगितलंस की आम्ही मूळचे शेतकरी, जमीन नदीने खाल्ली. मग लग्नाच्या आदल्या दिवशी रुशनाला समोर बसवून तू तिला पढवलंस. जाळं हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाजारातून मासा आला की नावं सांगायची नाहीत. विळीवर मासा चिरताना हात झपाझप चालवायचा नाही. कोई जिवंत असेल तर भ्यायचं. ती हसून म्हणाली, "मामा, कोईला कसं भ्यायचं?" तू तिला उठून उडी मारून दाखवलंस. आम्ही तिघं किती हसलो होतो. अल्लाने ते हसू कुठे लिहून ठेवलं असेल?

ती दोन वर्षं कोईला भ्यायली. लिहिताना गंमत वाटते, जगताना नव्हती. माझ्याकडे राहायला आली की रात्री सांगायची, "माई, परवा मी मुद्दाम मृगळाला रोहू म्हणाले आणि सगळ्यांनी मला वेड्यात काढलं." तिची सासू शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा गं आमची सून, मासा धरताना कशी नाचते. बापाच्या घरी नुसता पालाच खाल्ला वाटतं." सासू वाईट नव्हती. तापात स्वतःच्या हाताने भात भरवायची. जुबेरही तिला बाजारातून बांगड्या आणायचा. पण रुशना म्हणायची, घरात पाऊल टाकलं की आपल्या हातांना सांगावं लागतं, तुम्हाला काही येत नाही.

गेल्या चैतात काय घडलं ते तू फोनवर अर्धंच ऐकलंस, कारण मध्येच तू ओरडायला लागलास. आता पूर्ण वाच.

चैतात धोलाईचं पाणी गुडघ्याखाली आलं. नोयापुरची पोरं जाळी घेऊन उतरली, त्यांत जुबेरचा धाकटा भाऊही होता. त्यांच्या शेजारचा कोरोम अली बरोबर होता. जो तो आपलं जाळं ओढत होता. कोरोम अलीने चांगुलपणा केला, म्हणाला, माझ्या जाळ्यातले थोडे तुम्हालाही साफ करून देतो. डोकी उडवली, कातडी सोलली आणि गोऱ्या मांसाचे तुकडे केळीच्या पानात बांधून पाठवले. वर नव्या सुनेसाठी म्हणून माशाच्या अंड्यांची एक वाटी. "बेले मासा आहे, काटा नाही, पोरंसुद्धा खातील," असा निरोप.

सासूने तुकड्यांना हळद-मीठ चोळायला घेतलं. रुशना मसाला वाटत होती. तिची नजर गेली. तुला मी सांगायला नको मोखलिस, पण सांगते. बेले माशाची कातडी कुणी सोलत नाही. सोललेला मासा म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवलेला मासा, असं आब्बा म्हणायचे. तिने एक तुकडा उचलला. पोटाच्या बाजूने बोट फिरवलं. बरगडी नाही. दुसरा पाहिला. बरगडी नाही, पोटाखालच्या परांचा ठावठिकाणा नाही. असा एकच मासा धोलाईत आहे. हात लावला की पोट फुगवून चेंडू होतो तो. पोरं ज्याला लाथाडत खेळतात तो. पोटका. चैतात तो अंड्यावर येतो, आणि तेव्हा त्याच्या अंगात विष उतरतं. अंड्यांत सगळ्यात जास्त.

ती मला म्हणाली, "माई, मला पहिल्यांदा विषाची भीती वाटली नाही. मामाची वाटली." हे वाक्य मी तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवलंय.

आधी तिने खोटेपणानेच वाचवायला पाहिलं. उठताना मुद्दाम पाय लावला आणि परात चुलीपुढच्या राखेत पालथी केली. सासूने पाठीत धपाटा घातला, "आंधळी झालीस का?" आणि तुकडे धुऊन पुन्हा परातीत घेतले. मग रुशना म्हणाली, "अम्मा, वास येतोय. मासा खराब आहे." सासूने हुंगून पाहिलं. ताजा मासा, वास कुठला येणार? तेल तापलं होतं. अंडी आधी तळायची म्हणून सासूने वाटी उचलली, आणि माझ्या पोरीने तिचं मनगट धरलं. "अम्मा, हा पोटका आहे. चैतातला. टाकू नका."

घरातले हसले. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, पोटका फुगतो. हे तुकडे फुगलेले दिसतात का तुला?" तिने त्याला तुकडा उलगडून दाखवला, बोट धरून त्याला बरगडीच्या जागी फिरवायला लावलं. तरी त्याला पटेना. तेव्हा म्हणाली, "कोरोमभाईच्या उकिरड्यावर डोकी असतील. जा, तोंडं उघडून बघ. वर दोन, खाली दोन, चारच दात, पोपटाच्या चोचीसारखे." तो गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात डोकं होतं आणि चेहरा पांढरा पडला होता. तोवर रुशना डोक्यावरचा पदर सावरायलाही न थांबता शेजारी धावली होती. गावातली सून, उघड्या डोक्याने, भर दुपारी, गल्लीतून. हेही नंतर मोजलं गेलं.

कोरोम अलीकडे जेवणं उरकली होती. तो म्हणाला, "दरवर्षी खातो मी. डोकं आणि कातडी काढली की काही होत नाही. नाव सांगितलं तर कुणी खात नाही, म्हणून बेले म्हणालो." बोलता बोलता ओठ चोळत होता. मुंग्या येताहेत म्हणाला. त्याच्या म्हाताऱ्या आईने तर अंडीच जास्त खाल्ली होती, दात नव्हते म्हणून. रुशनाने चिंचेचं पाणी पाजलं, ओकाऱ्या काढायला लावल्या. म्हातारीची जीभ जड झाली, मग हात पडले, आणि शेवटी श्वास घेता येईना. खाटेवर घालून नदीपर्यंत नेली, तिथून होडीने हॉस्पिटल. ती होडीतच गेली. कोरोम अली वाचला. अजून काठी घेऊन चालतो, आणि आईच्या कबरीशी जाऊन बसतो असं ऐकते.

जुबेरच्या घरात त्या दिवशी अकरा माणसं जेवणार होती. ती आज अकराच्या अकरा जिवंत आहेत.

आधी रुशनाचा फार मान झाला. सासूने तिला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तू माझ्या पोटची." गावातल्या बायका बघायला आल्या. आणि त्या बायकांतच प्रश्न निघाला. म्हातारीच्या फातिहाच्या जेवणाला सगळ्या जमल्या होत्या. जुबेरच्या आत्याने तोंडात पान घालत विचारलं, "काय गं सूनबाई, आमच्या तीन पिढ्या मासा खातात, पोटक्याला बरगड्या नसतात हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. तुला गं कसं?" रुशना म्हणाली, आजोबांनी शिकवलं. "आजोबा काय करायचे?" इथे ती सांगू शकली असती, शेती करायचे. तू पढवलेलंच होतं. ती म्हणाली, "मासे धरायचे. आम्ही मायमाल."

मी तिला विचारलं, का गं बोललीस? माझाही जीव तळमळला, मी काही साध्वी नाही. ती म्हणाली, "माई, म्हातारीचं ओकलेलं मी या हातांनी पुसलं होतं. त्याच हातांना परत काही येत नाही म्हणायला जमेना."

आत्याबाईंनी तोंडातलं पान थुंकलं. एवढंच झालं म्हणे. कुणी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी चूल दुसऱ्या जावेने पेटवली. रुशनाने भरून आणलेल्या पाण्याचा हंडा तसाच राहिला. जुबेरचे वडील म्हणाले, माणसाने गरीब असावं, पण फसवू नये. आणि त्या बाबतीत त्यांचं काय चुकलं सांग? फसवलं आपणच. तू फसवलंस आणि मी मान हलवली. बैशाखात कापणी झाल्यावर कोरड्या रानातून एका गड्याच्या डोक्यावर तिची ट्रंक देऊन त्यांनी तिला पाठवलं. सासू वेशीपर्यंत रडत आली. म्हणाली, "तू आमचा जीव वाचवलास, हे मी कबरीत जाईपर्यंत विसरणार नाही. पण उद्या माझ्या मुलींना कोण करून घेईल?" रुशना म्हणते, त्या रडण्यात खोट नव्हती. म्हणूनच मला ते जास्त डाचतं.

जुबेर एकदा येऊन गेला. आषाढात, भर पाण्यात, होडी करून. ओट्यावर बसला, बायकोकडे बघितलं, पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. म्हणाला, "मामा लंडनहून येऊन कुराणावर हात ठेवून सांगतील की आपण शेतकरीच, तर अम्मा ऐकेल." रुशनाने विचारलं, "आणि तुम्ही?" तो म्हणाला, "मी काय, अम्मा जे म्हणेल ते." मी पान पुढे केलं. घेतलं त्याने, पण खाल्लं नाही. खिशात ठेवलं. त्याची होडी दूर गेल्यावर रुशना उठली आणि जाळं धुवायला बसली. तेव्हापासून ती माझ्याबरोबर तळ्यावर येते.

आता गंमत ऐक. नोयापुरच्या बायका पोरांच्या हाती पानात गुंडाळून मासे पाठवतात. हा कुठला, खावा का, विचारून ये म्हणतात. ती पोरं घाटावर चार हात लांब उभी राहतात. रुशना बघून सांगते. गेल्या महिन्यात सासूनेही एक पाठवला होता, साधा टेंगरा, तिला स्वतःलाच ओळखता आला असता. कशाला पाठवला असेल ते तीच जाणे. त्यांना माशाची ओळख हवी आहे, आमची ओळख मात्र नको.

आणि त्या दिवशी तू फोनवर काय म्हणालास? मी सगळं सांगत होते, म्हातारी होडीत गेली इथवर आले होते, आणि तू म्हणालास, "तिला तोंड बंद ठेवता आलं नाही? मांजराने तोंड लावलं सांगून टाकून द्यायचा होता. माझी अब्रू गेली." दुकानात माणसं होती म्हणून मी फोन ठेवला. आता विचारते. मोखलिस, त्या दिवशी त्या घरात तू असतास तर? तुला तर सोललेला तुकडाही लांबून ओळखू आला असता. तू बोलला असतास का? की आमच्या घरात मासा ताटात आला की ओळखतात, असं म्हणून हसला असतास आणि बाकीच्यांना जेवू दिलं असतंस? मी सहा महिने या एका प्रश्नावर झोपते आणि उठते. उत्तर पाठवू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नाझमीनचं सिलेटच्या सय्यदांकडे ठरतंय, पुढच्या महिन्यात, अग्रहायणात, ती माणसं घर बघायला येणार, म्हणून मी आणि रुशनाने महिनाभर दुसरीकडे कुठेतरी जाऊन राहावं, घाटावरची होडी आणि जाळी हलवावी, आणि आब्बांची कबर कुठे असं कुणी विचारलं तर सिलेटच्या दर्ग्यात सांगावं, असा निरोप तू फोनवाल्याकडे ठेवलास. तोही त्याच्याकडे. मी ठरवलं होतं, हलायचं नाही. येऊ देत, मी घाटावर बसून सांगेन तुझा बाप कोण होता ते. पण ती माणसं अग्रहायणाची वाट बघत थांबली नाहीत. परवा सकाळी अचानक दोघे आले, एक वयस्क, एक तरुण, इंजिनाच्या होडीतून. आम्ही मासे निवडत होतो. वयस्क माणसाने विचारलं, "लंडनच्या चौधुरींचं घर कुठलं?" मी तोंड उघडलं, आणि रुशनाने टोपलीखालून माझं मनगट दाबलं. म्हणाली, "ते रस्त्याकडेचं पक्कं घर, साहेब. राखणदार आहे, उघडून दाखवील." त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्यातल्या का?" ती म्हणाली, "नाही, साहेब. आम्ही मायमाल. त्यांनी घाटावर बसू दिलंय." "माणसं कशी आहेत?" "खानदानी आहेत. माशाला हात लावत नाहीत." ते खूश झाले. जाताना रोहू समजून मृगळ उचलला, तो तिने बदलून दिला. होडी दिसेनाशी झाल्यावर मी तिला विचारलं, तुझं घर मोडणाऱ्याचं घर तू का उभं केलंस? ती मासे निवडतच होती. म्हणाली, "नाझमीनला एकही मासा ओळखता येत नाही, माई. ती कधीच पकडली जाणार नाही. निदान ती तरी नांदू दे." तेव्हा भाई, तुझं काम झालंय. आम्ही कुठे जाणार नाही, जायची गरजही उरली नाही. पोरीने माझ्याकडून कबूल करून घेतलंय की मी गप्प राहीन, आणि मी राहीन, पण ते त्या दोन मुलींसाठी. लग्नाला बोलावू नकोस. नाझमीनला माझी दुवा दे, कुणाची ते सांगू नकोस. पाहुणे घेऊन घाटावर उतरलास तर आम्ही तिथेच बसलेल्या असू. मासा हवा तर घे, भाव कर आणि पुढे चालायला लाग. मला बुबू म्हणू नकोस, मी वळून बघणार नाही. तुझ्या पोरीच्या संसारासाठी माझ्या पोरीने मला परकी केलंय, आणि मी झालेय.

आजच्यापुरती तुझीच,
आंगुरा बुबू